संसारी सेवक : फ्रेडरिक ओझानाम



"घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणें" हा वाक्प्रचार आपल्याकडे बहुधा निंदेच्याच स्वरांत ऐकूं येतो. आपला धंदा आणि आपलीं मुलेंबाळें सांभाळून उरल्या वेळांत जो मनुष्य दुसऱ्याच्या दारीं जातो, त्याला शेजारी हंसतात आणि घरचीं माणसें त्याच्यावर कुरकुरतात. दुसऱ्या बाजूस, परमार्थ साधावयाचा तर संसार सोडला पाहिजे, अशीही एक समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनीं गृहस्थाश्रमांत राहून ही समजूत आपल्या आचरणानें खोटी पाडली. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स देशांत एका कॅथॉलिक प्राध्यापकानें तोच प्रश्न आपल्या परीनें सोडविला. त्याचें नांव फ्रेडरिक ओझानाम. त्याला आयुष्य लाभलें अवघें चाळीस वर्षांचें. त्यांतही शेवटचीं वर्षें आजारांत गेलीं. पत्नी, कन्या, विद्यापीठांतील नोकरी आणि गरिबांच्या घरीं जाण्याचें व्रत, हीं चारही त्यानें एकाच वेळीं संभाळलीं. तीं त्यानें कशीं संभाळलीं, हें पाहण्यासारखें आहे.

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान शहरीं झाला. त्या वेळीं तो मुलूख नेपोलियनच्या अमलाखालीं होता. वडील पूर्वीं नेपोलियनच्या सैन्यांत होते. पुढें सैनिकी पेशा सोडून ते वैद्यकीकडे वळले. १८१६ सालीं हें कुटुंब फ्रान्समधील लियों या आपल्या मूळच्या शहरीं परत आलें. लियों हें रेशमी कापड विणणारांचें शहर. कापड राजवाड्यांत जाई आणि विणकर उंच, काळोख्या इमारतींच्या माळ्यांवर राहत. ओझानाम दांपत्याला चौदा अपत्यें झालीं, पण त्यांपैकीं फक्त तीन मुलगे प्रौढ वयास पोंचले. ज्या मोठ्या बहिणीजवळ फ्रेडरिकनें पहिले धडे गिरविले, ती एलिझ १८२० सालीं ऐन एकोणिसाव्या वर्षीं वारली. मृत्यूची आणि फ्रेडरिकची ओळख अशी लहानपणींच झाली.

मुलाला शाळेच्या आधीं घर शिकवितें. डॉक्टर ओझानाम गरीब विणकरांच्या घरीं औषध देण्यास जात, आणि त्यांची पत्नीही दुखणाइतांच्या शुश्रूषेस जाई. दोघांचीं वयें झालीं तेव्हां जिने चढणें प्रकृतीस झेपेना. म्हणून चवथ्या मजल्याच्या वर कोणीं चढावयाचें नाहीं, असें दोघांनीं एकमेकांस बजावलें होतें. एके दिवशीं डॉक्टर चोरून वरच्या मजल्यावरील रोग्याकडे गेले, तों पत्नी तेथें आधींच येऊन बसलेली, अशी एक गोष्ट चरित्रकार सांगतात. पुढें १८३७ सालीं एका गरीब रोग्यास पाहून परततांना डॉक्टर जिन्यावरून पडले व त्यांतच त्यांचा अंत झाला. मागें त्यांची वही पाहिली तेव्हां असें दिसून आलें कीं, त्यांच्या एकंदर भेटींपैकीं सुमारें एकतृतीयांश भेटींबद्दल त्यांनीं कांहींच घेतलें नव्हतें. मुलांसाठीं त्यांनीं संपत्ति फारशी ठेविली नाहीं. ही वही मात्र ठेविली.

अशा घरांत वाढलेल्या मुलाची श्रद्धा जन्मजात आणि निर्विघ्न असेल, असें कोणासही वाटेल. परंतु तसें झालें नाहीं. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं फ्रेडरिकला शंकांनीं घेरलें. भोंवतालचे लोक धर्माची टवाळी करीत. पुस्तकांत एक वाचावें तर दुसऱ्या पुस्तकांत नेमकें त्याच्या उलट सांपडावें. मन कशावरच ठरेना. या अवस्थेंत त्याला आधार मिळाला तो तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या ॲबे न्वारो या धर्मगुरूंचा. हे गुरुजी शंका विचारणाऱ्या मुलावर रागावत नसत. ते त्याला बरोबर घेऊन लांबवर फिरावयास जात, आणि प्रश्न विचारून विचारून उत्तर त्याच्याच तोंडून बाहेर काढीत. मुलगा त्या अंधारांतून बाहेर आला. सत्य आपणांस दिसलें तर त्याच्याच सेवेस आयुष्य वाहूं, असें वचन त्यानें त्या काळांत देवाला दिलें होतें. आणि तें त्यानें पाळलें. स्वतः शंकेची वेदना भोगली असल्यामुळें पुढें अश्रद्ध मनुष्याशीं बोलतांना त्याच्या तोंडीं कधीं तिरस्काराचा शब्द आला नाहीं. शिक्षकाचा मोठेपणा कोठें असतो, तें न्वारो यांच्या उदाहरणावरून कळतें.

१८३१ सालीं वडिलांच्या इच्छेनुसार कायद्याच्या अभ्यासासाठीं तो पॅरिसला आला. परक्या शहरांत त्याचा जीव रमेना. तेव्हां लियोंकडचेच एक थोर गृहस्थ आंद्रे-मारी अँपिअर यांनीं त्याला आपल्या घरीं ठेवून घेतलें. विजेचा प्रवाह मोजण्याच्या एककाला ज्यांचें नांव दिलें आहे, तेच हे शास्त्रज्ञ. एके दिवशीं मन उदास झालें असतां फ्रेडरिक सेंत एतियेन द्यु मों या चर्चमध्यें शिरला. तेथें एका कोपऱ्यांत गुडघे टेकून, हातांत जपमाळ घेऊन प्रार्थना करीत असलेले अँपिअर त्याला दिसले, अशी कथा सांगतात. एवढा विद्वान पुरुष आणि एवढी लीनता! हजार व्याख्यानांनीं झालें नसतें तें काम त्या एका दर्शनानें झालें.

त्या वेळचें पॅरिस शहर कसें होतें, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. १८३० सालीं राज्यक्रांति होऊन गेली होती. कारखाने वाढत होते आणि खेड्यांतून आलेलीं माणसें कोंदट वस्त्यांत दाटीवाटीनें राहत होतीं. १८३२ सालीं पटकीची भयंकर सांथ आली आणि एकट्या पॅरिसमध्यें अठरा हजारांवर माणसें दगावलीं. घरोघर विधवा आणि पोरकीं मुलें उरलीं. विद्यापीठांत मात्र वादविवाद जोरांत चालले होते. एमान्युएल बायी नांवाच्या एका वृत्तपत्रकारांच्या आश्रयाखालीं विद्यार्थ्यांचें एक चर्चामंडळ भरत असे. तेथें श्रद्धावान् आणि अश्रद्ध दोघेही येत. ओझानाम धर्माची बाजू मोठ्या अभ्यासपूर्वक मांडीत असे. ख्रिस्ती धर्मानें दासांना माणुसकी दिली, विद्या जतन केली, अनाथांना आसरा दिला, असे दाखले तो इतिहासांतून काढून दाखवी.

एके दिवशीं सेंट सायमन याच्या पंथाच्या एका विद्यार्थ्यानें त्याला अडविलें. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : पूर्वीं तुमच्या धर्मानें पुष्कळ केलें, हें आम्हांस मान्य आहे, पण आज, या शहरांत, तुम्ही स्वतः काय करीत आहां? तें दाखवा, म्हणजे आम्ही विश्वास ठेवूं.

हा प्रश्न वर्मीं लागला. प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याची कला ओझानामला चांगली साधली होती, पण या प्रश्नाला बोलून उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. पूर्वजांचें पुण्य सांगून आपलें दारिद्र्य झांकतां येत नाहीं. त्यानें आणि त्याच्या मित्रांनीं तें मनोमन कबूल केलें, आणि वाद बाजूस ठेवून गरिबांकडे जावयाचें ठरविलें. २३ एप्रिल १८३३ रोजीं बायी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरींत सात जण जमले : सहा विद्यार्थी आणि अध्यक्षस्थानीं बायी. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं ओझानामला विसावें वर्ष पूर्ण झालें. त्या लहानशा मंडळाला पुढें संत व्हिन्सेंट डी पॉल यांचें नांव देण्यांत आलें. दोनशें वर्षांपूर्वीं फ्रान्समधील दीनदुबळ्यांसाठीं, टाकून दिलेल्या मुलांसाठीं आणि कैद्यांसाठीं झिजलेले ते संत.

इच्छा होती, पण अनुभव नव्हता. कोणत्या घरीं जावें, काय द्यावें, काय बोलावें, यांतलें या मुलांना कांहींच ठाऊक नव्हतें. तेव्हां बायी यांनीं त्यांना सिस्टर रोझाली रांदु यांच्याकडे पाठविलें. मुफतार भागांतील गलिच्छ वस्तींत या संन्यासिनीचें काम वर्षानुवर्षें चाललें होतें. कोणत्या घरांत कोण उपाशी आहे आणि कोणाची लाज कशी राखावयाची, हें तिला पक्कें ठाऊक होतें. तिनें मुलांना कांहीं कुटुंबांचीं नांवें दिलीं, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या आणि त्याहून मोलाची शिकवणूक दिली. गरिबाच्या घरीं गेल्यावर उपदेश करावयाचा नाहीं, आधीं ऐकावयाचें. त्याच्या रागीट शब्दानें दुखावून जावयाचें नाहीं. कारण तो शब्द बहुधा भुकेचा असतो.

या मंडळाची कामाची रीत अगदीं साधी होती. सभासदांनीं आठवड्यांतून एकदां जमावें, प्रार्थना करावी, थोडें धार्मिक वाचन करावें, आपापल्या कुटुंबांची हकीकत सांगावी आणि पुढच्या आठवड्याची व्यवस्था ठरवावी. शेवटीं एक पिशवी फिरे आणि ज्याला जें शक्य असेल तें तो तींत टाकी. कोणीं किती टाकलें, हें शेजारच्यालाही कळत नसे. यामुळें श्रीमंताला मिरवितां येत नसे आणि गरीब विद्यार्थ्याला खालीं पाहावें लागत नसे. मग प्रत्येकानें नेमून दिलेल्या घरीं स्वतः जावयाचें. पैसे दुसऱ्याच्या हातीं पाठविण्याची सोय नव्हती. कारण या व्रतांत भेट हेंच मुख्य दान होतें. जिना आपण चढावयाचा, खाटेजवळ आपण बसावयाचें आणि मुलांचीं नांवें आपण लक्षांत ठेवावयाचीं. पहिल्या सभेनंतर ओझानामनें आणि त्याच्या एका मित्रानें आपल्या खोलींत उरलेलें जळण उचलून एका गरीब घरीं नेऊन पोंचविलें, असें सांगतात. विद्यार्थ्यापाशीं दुसरें काय असणार?

त्याच्या वांट्यास आलेल्या पहिल्या कुटुंबाची हकीकत चरित्रकारांनीं नोंदविली आहे. पांच मुलांची आई कामानें मोडून गेलेली. बाप दारू पिऊन घरांतील सगळा पैसा उडवी आणि तिला मारहाण करी. ती बिचारी तें दैव म्हणून सोशीत होती. कायद्याच्या या विद्यार्थ्यानें चौकशी केली तेव्हां तें लग्न कायदेशीर झालेलेंच नव्हतें, असें आढळून आलें. म्हणजे त्या माणसाच्या घरीं राहण्याचें तिच्यावर बंधन नव्हतें. मित्रांनीं वर्गणी जमवून तिला धाकट्या मुलांसह ब्रिटनी प्रांतांत तिच्या आईकडे पोंचविलें आणि मोठ्या दोघां मुलांना बायी यांच्या छापखान्यांत कामास लावलें. भाकरीची चिठ्ठी देऊन हीं मुलें परत फिरलीं असतीं, तर त्या बाईच्या घरांत पुढल्या आठवड्यांतही तीच मारहाण चालू राहिली असती. जवळ बसून ऐकलें, म्हणून उपाय सुचला.

मंडळाची कीर्ति पसरूं लागली. दीड वर्षाच्या आंत सभासदांची संख्या शंभरांवर गेली, आणि येथें एक कठीण प्रसंग उद्भवला. इतक्या जणांची एकत्र सभा नीट चालेना; म्हणून मंडळाच्या शाखा कराव्या, असें ओझानामनें सुचविलें. जिवलग मित्रांना तें मुळींच रुचलें नाहीं. आपली मैत्री तुटेल, आपण विखरून जाऊं, या भीतीनें कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलें आणि कडाक्याचा वाद झाला. चांगल्या माणसांच्या संस्था पुष्कळदां शत्रूंनीं मोडत नाहींत. एकमेकांस सोडूं न शकणाऱ्या मित्रांच्या मायेंत त्या खुंटतात. शेवटीं १८३५ च्या आरंभीं विभागणी झाली, आणि त्याच वर्षीं नियमावलीही तयार झाली. मंडळ गांवोगांव जाऊं शकलें तें या निर्णयामुळें. तरीही आपण संस्थापक आहों, असें ओझानामनें कधीं मिरविलें नाहीं. आम्ही सात जण होतों, असेंच तो म्हणे.

यापुढें त्यांच्या विद्वत्तेची चढती कमान सुरू झाली. १८३६ मध्यें त्यांनीं कायद्याची डॉक्टर ही पदवी घेतली आणि १८३९ मध्यें डान्टे कवीच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहून साहित्याचीही तीच पदवी मिळविली. त्याच वर्षीं त्यांना लियोंमध्यें व्यापारी कायद्याची प्राध्यापकी मिळाली. परंतु त्याच वर्षीं त्यांची आईही निवर्तली. १८४० सालीं पॅरिसला स्पर्धापरीक्षेंत ते पहिले आले आणि सॉरबॉन विद्यापीठांत परकीय साहित्याचें अध्यापन करूं लागले. १८४४ सालीं ते त्या विषयाचे मुख्य प्राध्यापक झाले. व्याख्यानाची तयारी ते फार कसोशीनें करीत. बोलावयास उठले म्हणजे आरंभीं त्यांना घाबरल्यासारखें होई. मग हळूहळू विषयाचा रंग चढे आणि सारा वर्ग तल्लीन होऊन जाई.

लग्न करावें कीं धर्मगुरु व्हावें, या विवंचनेंत त्यांचीं कित्येक वर्षें गेलीं. स्वभाव मूळचा चिंताखोर. निर्णय घेतांना मन फार दोलायमान होई. हा दोष ते स्वतःही ओळखून होते. ॲबे न्वारो यांनीं मात्र आपल्या शिष्याची प्रकृति अचूक जाणली होती. लग्न करण्याचा सल्ला त्यांचाच. लियों येथील शिक्षणखात्याचे मुख्य अधिकारी सुलाक्रवा यांच्या घरीं गेले असतां, आपल्या अपंग भावाची प्रेमानें शुश्रूषा करणारी एक तरुणी ओझानाम यांना दिसली. हीच आमेली. २३ जून १८४१ रोजीं लियों येथील सेंत निझिए चर्चमध्यें त्यांचा विवाह झाला, आणि विवाहविधि धर्मगुरु असलेल्या थोरल्या भावानें केला. प्रसिद्ध वक्ते फादर लाकोर्देर यांना हा तरुण आपल्या संन्यासी संघांत यावा, असें फार वाटत होतें. लग्नाची वार्ता ऐकून, बिचारा ओझानाम सांपळ्यांत सांपडला, असे उद्गार त्यांनीं काढले. पुढें हें पोप नववे पायस यांच्या कानीं गेलें, तेव्हां ते हंसून म्हणाले कीं, ख्रिस्तानें सात संस्कार स्थापिले अशी आमची समजूत होती. सहा संस्कार आणि एक सांपळा, हें आम्हांस ठाऊक नव्हतें! आख्यायिका मोठी गोड आहे, आणि तिच्यांत शहाणपणही आहे.

या संसारांत ओझानाम यांनीं एक लहानसा नेम ठेविला होता. लग्नाची तारीख तेवीस. म्हणून दर महिन्याच्या तेवीस तारखेस ते पत्नीला फुलें देत. प्रवास असो, काम असो कीं आजार असो, हा नेम चुकला नाहीं. गरिबांच्या घरीं जाण्याचा नेम आणि पत्नीला फुलें देण्याचा नेम, हे त्यांच्या लेखीं दोन नव्हते. घरांतील माणसांस कोरडें ठेवून बाहेरच्यांवर दया करणें, हें त्यांना ढोंग वाटे. पहिल्या वर्षांत अपत्याची आशा वारंवार मावळली. अखेर २४ जुलै १८४५ रोजीं कन्या झाली. तिचें नांव मारी ठेविलें. बापाच्या आनंदाला सीमा राहिली नाहीं.

त्यांच्या घरांतील एक प्रसंग ऐकण्यासारखा आहे. नववर्षाचा दिवस होता. ओझानाम यांना ठाऊक असलेल्या एका गरीब कुटुंबानें आपलें खणांचें कपाट गहाण टाकलें होतें. कोणे एके काळच्या बऱ्या दिवसांची तेवढीच एक खूण त्या घरांत उरली होती. तें सोडवून आणून त्यांना नववर्षाची भेट द्यावी, असें ओझानाम यांच्या मनांत आलें. आमेलीनें विरोध केला. तिचें म्हणणेंही वाजवी होतें : त्या पैशांचा त्यांना दुसरा अधिक उपयोग होईल, आणि आपलाही खर्च पाहिला पाहिजे. ओझानाम यांनीं तिचें म्हणणें मानलें. संध्याकाळीं भेटीगांठी आटोपून ते घरीं आले, तों लहानग्या मारीच्या भोंवतीं खेळणीं आणि मिठाई यांचा ढीग पडलेला. त्यांचें तोंड उतरलें. मुलीनें पुढें केलेली मिठाईही त्यांच्यानें खाववेना. पत्नीनें कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले कीं, आपल्या घरांत इतका पैसा या गोष्टींवर गेला, आणि तें कपाट मात्र अजून गहाणच आहे. आमेली क्षणभर स्तब्ध राहिली आणि मग तिनेंच त्यांना आग्रहानें परत पाठविलें. त्या रात्रीं तें कपाट आपल्या जागीं पोंचलें, आणि ओझानाम हंसतमुखानें घरीं परतले.

या गोष्टींत पत्नी कृपण आणि पति उदार, असा अर्थ कोणी काढूं नये. हिशेब पाहणारी पत्नी नसती तर हा संसार चाललाच नसता. ज्यानें दान करावयाचें त्यानें घराचा होकार घेऊन तें करावें, त्यासाठीं भांडूं नये, आणि घरानेंही त्याच्या मनाची तळमळ ओळखावी. दोघेंही थोडथोडीं सरकलीं, म्हणून तें दान दोघांचें झालें.

१८४८ सालीं फ्रान्समध्यें पुन्हां राज्यक्रांति झाली. देश दोन तटांत फुटत आहे, एकाकडे फाजील आहे आणि दुसऱ्याकडे कांहींच नाहीं, हें ओझानाम कित्येक वर्षांपासून पाहत आले होते. या दोन तटांच्या मध्यें उभें राहणें हें ख्रिस्ती माणसाचें कर्तव्य आहे, असें त्यांचें मत होतें. लाकोर्देर आणि ॲबे मारे यांच्यासह त्यांनीं "नवयुग" या अर्थाचें नांव असलेलें एक वृत्तपत्र चालविलें. दयेचें काम जखमेवर तेल ओतण्याचें. परंतु ती जखम होऊंच नये म्हणून झटणें हें न्यायाचें काम, अशी त्यांची विचारसरणी होती. श्रीमंत धर्मबांधवांना ती रुचली नाहीं. विधिमंडळाच्या निवडणुकींत ते पडले, आणि पत्रही फार दिवस चाललें नाहीं.

त्या जून महिन्यांत पॅरिसच्या रस्त्यांवर कामगार आणि सैन्य यांच्यांत घनघोर लढाई जुंपली. ओझानाम स्वतः नागरिक-सेनेंत पहाऱ्यावर होते. २५ जून रोजीं ते दोघां मित्रांसह आर्चबिशप आफ्र यांना भेटले आणि, आपण मध्यें पडल्यास कदाचित् रक्तपात थांबेल, असें त्यांनीं सुचविलें. आर्चबिशपांच्या मनांतही तेंच होतें. ते तडक मोर्चाबंदीपर्यंत चालत गेले. तेथें त्यांना गोळी लागली, आणि दोन दिवसांनीं त्यांनीं प्राण सोडला. आपल्या सूचनेमुळें एका साधुपुरुषाचा जीव गेला, हें शल्य ओझानाम यांच्यासारख्या हळव्या मनाला किती बोंचलें असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. पण ते खचून घरांत बसले नाहींत. १८४९ मध्यें पटकी पुन्हां आली, तेव्हां त्यांच्या मंडळाचे लोक त्याच वस्त्यांतून रोग्यांच्या उशाशीं बसले. जेथून गोळ्या आल्या होत्या, तेथेंच त्यांनीं औषध नेलें.

अध्यापन, ग्रंथलेखन, मंडळाचें काम आणि वृत्तपत्र यांच्या ओझ्याखालीं शरीर मोडलें. मूत्रपिंडाच्या विकारानें त्यांना ग्रासलें. १८५२ सालीं, आजारी असतां, व्याख्यान न झाल्यामुळें विद्यार्थी गलबला करीत आहेत, अशी वार्ता त्यांच्या कानीं आली. डॉक्टरांचा व घरच्यांचा विरोध न जुमानतां ते अंथरुणावरून उठले, वर्गांत गेले आणि शेवटचें व्याख्यान देऊन परतले. हें त्यांनीं करावयास नको होतें, असें म्हणणारेंही कोणी भेटेल. कर्तव्यनिष्ठ माणसाला आपल्या देहाशीं न्यायानें वागतां येत नाहीं, हा त्याचा नेहमींचा दोष. त्याची किंमत पत्नीला आणि सात वर्षांच्या मुलीला द्यावी लागली.

हवापालटासाठीं ते पिरेनीज पर्वताकडे, स्पेनमध्यें आणि मग इटलींत गेले. तेथेंही, अंगांत बळ असेल तेव्हां, मंडळाच्या शाखा उघडण्याची खटपट चालूच होती. २३ एप्रिल १८५३ रोजीं पिसा शहरीं त्यांनीं आपल्या चाळिसाव्या वाढदिवशीं एक प्रार्थना लिहिली. तींत त्यांनीं कांहींच लपविलें नाहीं. तरुण पत्नी आहे, लहान मुलगी आहे, हातीं घेतलेलें काम अर्धवट आहे. तें सारें सोडून जाणें जड वाटतें, असें त्यांनीं देवापुढें स्पष्ट मांडलें. आणि तरीही, बोलावणें आलें तर येतों, असें शेवटीं म्हटलें. श्रद्धा म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. सोडून जावयाची वस्तु प्रिय असते, म्हणूनच तिच्या अर्पणाला मोल येतें.

लिव्होर्नोजवळच्या समुद्रकांठच्या एका खेड्यांत त्यांनीं शेवटचा उन्हाळा काढला. ऑगस्टची तेवीस तारीख आली तेव्हांही पत्नीला फुलें मिळालीं, असें सांगतात. महिनाअखेर त्यांना बोटीवर चढविण्यांत आलें आणि २ सप्टेंबरला ते मार्सेयला पोंचले. देवाच्या दयेवर भरंवसा ठेवा, भिऊं नका, असें धर्मगुरूंनीं सांगितलें, तेव्हां ज्याच्यावर इतकें प्रेम केलें त्याची भीति कशी वाटेल, असा प्रश्न त्यांनींच उलट केला. ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशीं, सायंकाळीं त्यांचें देहावसान झालें. पॅरिस येथील कार्म चर्चच्या तळघरांत त्यांची समाधि आहे. आमेलीनें पुढें चार दशकें वैधव्यांत काढलीं. पतीचीं पत्रें आणि कागद तिनें जिवापाड जपले आणि मुलीला वाढविलें. १८९४ सालीं ती वारली. ओझानाम यांची ओळख आज जगास आहे, ती मोठ्या अंशीं तिच्यामुळें.

२२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरांत त्यांना "धन्यवादित" म्हणून घोषित केलें. सात जणांचें तें मंडळ आज सुमारें दीडशें देशांत पसरलें आहे. आपल्याकडे मुंबई, वसई आणि गोवें या भागांतील धर्मग्रामांतही त्याच्या शाखा आहेत. कोणी नोकरीवरून परतल्यावर, कोणी रविवारीं मिस्सा आटोपल्यावर एखाद्या विधवेच्या, एखाद्या अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्याच्या घरीं जातो. औषधाचे, शाळेच्या फीचे पैसे देतो आणि घटकाभर बसून येतो. त्याचें नांव वर्तमानपत्रांत येत नाहीं. पिशवींत त्यानें काय टाकलें, हें शेजाऱ्यासही कळत नाहीं.

विद्वान् म्हणून ओझानाम यांचे ग्रंथ आतां थोडेच लोक वाचतात. राजकारणांत त्यांना यश आलें नाहीं. शरीरानें साथ दिली नाहीं. तरी एका विद्यार्थ्यानें विचारलेल्या, "तुम्ही स्वतः काय करीत आहां?" या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं जन्मभर दिलें, आणि तें संसार न सोडतां दिलें. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना हंसावयाचें असेल तर खुशाल हंसावें. परंतु हंसण्यापूर्वीं, आपल्या घराच्या चार भिंतींपलीकडे, आपल्याच आळींत, कोणाचें कपाट गहाण पडलें आहे, याची एकदां चौकशी करावी. आणि शक्य झाल्यास तो जिना स्वतः चढून जावें.